रीफ टँकवरचा घरी बनवलेला जुना एलईडी लाइट: काय ठेवायचं, काय बदलायचं

सर, तो लाइट भंगारात देऊ नका. त्यातली सगळ्यात महागाची वस्तू अजून चांगली आहे, आणि जी खराब झाली ती घरी बदलता येते.

वाचणाऱ्या बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. दर्यापूर तालुक्यातलं गाव, टिनाची खोली, तीन बाय दीड बाय दीड फुटांचा रीफ टँक (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेला मिठाच्या पाण्याचा टँक), म्हणजे काठोकाठ भरला तर १९० लिटरच्या आसपास. आत झोअँथस, मशरूम आणि एक लेदर हे मऊ कोरल, एक बबल टिप ॲनिमोन आणि क्लाउनफिशची जोडी. वर २०१३ च्या सुमारास पुण्यात असताना बनवलेला लाइट: उष्णता ओढून हवेत सोडणारं ॲल्युमिनियमचं हीटसिंक, त्यावर तीन वॉटचे २४ एलईडी, १२ कूल व्हाइट आणि १२ रॉयल ब्लू, प्रत्येकावर ६० अंशांची लेन्स, आणि ७०० मिलिअँपचे दोन साधे ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारे सप्लाय), डिमिंग म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायची सोय नसलेले. आता निळी लाइन दुपारी फडफडते, पांढऱ्यातले तीन एलईडी कायमचे विझलेत, झोअँथस माना लांब करून वर येताहेत, लेदर तपकिरी पडलाय, दगडांवर शेवाळ आहे. तुम्ही विचारलंत की रेडीमेड घ्यावा, एलईडी बदलावेत, की हार्डवेअरच्या दुकानातला ५० वॉटचा फ्लडलाइट टांगून मोकळं व्हावं.

फ्लडलाइटचा विषय आधी संपवू. स्वस्तातल्या फ्लडलाइटमध्ये बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर नसतोच. एलईडीच्याच प्लेटवर दोन-चार आयसी बसवून २३० व्होल्ट थेट तिथे आणलेले असतात. अंगणात किंवा खळ्यावर लावायला ते ठीक आहे. टँकवर मात्र बुडबुडे फुटून उडणारे खारे तुषार प्लेटवर बसतात, मीठ ओल धरून ठेवतं, आणि एक दिवस बॉडीत करंट उतरतो. तुमचा हात तेव्हा कोपरापर्यंत मिठाच्या पाण्यात असतो. हा प्रकार नकोच.

हीच कसोटी तुमच्या जुन्या ड्रायव्हरनाही लावा. प्लग काढून दहा मिनिटं थांबा. मल्टिमीटर डायोड मोडवर घ्या, एक प्रोब प्लगच्या पिनला आणि दुसरा एलईडीकडे जाणाऱ्या प्लसला, मग मायनसला. प्रोब उलटसुलट करून दोन्ही पिनांवर पाहा. कुठेही ०.४ ते १ च्या दरम्यान आकडा आला तर त्या ड्रायव्हरचं इनपुट आणि आउटपुट आतून जोडलेलं आहे, म्हणजे तो आयसोलेटेड नाही. असा ड्रायव्हर बल्बमध्ये चालतो, टँकवर नाही.

आता दुपारच्या फडफडीकडे. कारणं दोन असू शकतात आणि दोन्ही उन्हाळ्यातच वर येतात. एक म्हणजे व्होल्टेज. दुपारी गावभरचे कूलर आणि शेतातले पंप एकदम चालतात आणि घरात १७० व्होल्टही मिळत नाहीत. पण तसं असेल तर पांढरी लाइनही फडफडायला हवी, निदान मंद तरी व्हायला हवी. तुमची एकटी निळीच फडफडते, म्हणून माझा संशय सोल्डरच्या जॉइंटवर किंवा एखाद्या एलईडीच्या आतल्या बारीक तारेवर आहे. थंड असताना ती टेकलेली असते, गरम झालं की सुटते. खात्री अशी करा: रात्री व्होल्टेज नीट असताना लाइट लावा, त्यावरचा पंखा बंद ठेवा आणि हीटसिंक चांगलं तापू द्या. फडफड सुरू झाली की कोरड्या लाकडी काडीच्या टोकाने एकेक एलईडी आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे जॉइंट हलके दाबत जा. ज्याच्यावर दाब पडताच लाइन स्थिर होते तो चोर. डोळ्यांना थेट निळा प्रकाश लागू देऊ नका, गडद चष्मा घाला.

पांढऱ्यातले तीन विझले तरी बाकीचे नऊ चालू आहेत, याचा अर्थ ते तीन आतून शॉर्ट झालेत. ओपन झाले असते तर सिरीजमधली सगळीच लाइन गेली असती. चालू लाइनवर प्रत्येक एलईडीच्या दोन पॅडवर व्होल्टेज मोजा. पांढऱ्या-निळ्यावर ३ ते ३.४ व्होल्ट असेल तर तो ठणठणीत. शॉर्ट झालेल्यावर जवळपास शून्य दिसेल. ३.७-३.८ दिसत असेल किंवा आकडा नाचत असेल तर त्यालाही बाजूला काढा. हे मोजताना ड्रायव्हर आयसोलेटेड असल्याची खात्री झालेली हवी, आणि तरीही एका हाताने मोजा. ओपन झालेल्या एलईडीवर ड्रायव्हरचं पूर्ण व्होल्टेज येतं.

हीटसिंक ठेवायचं. तेवढ्या वजनाचं, तेवढ्या जाड पायाचं ॲल्युमिनियम आज विकत घ्यायला गेलात तर एलईडीपेक्षा जास्त पैसे मोजाल. त्यावर पांढरी भुकटी साचली असेल, ती खारामुळे ॲल्युमिनियमला लागलेली गंज. गोड पाण्याने धुवा, मऊ ब्रशने फिनांमधली धूळ-मीठ काढा, एलईडी बसतात ती बाजू बारीक पॉलिश पेपरने सपाट करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झालेली असेल, ती पूर्ण खरवडा. तुमचे एलईडी विझण्यामागे मला हीच कोरडी पेस्ट दिसते: उष्णता हीटसिंकपर्यंत पोचलीच नाही, चिप आतल्या आत भाजली. नवी पेस्ट अगदी पातळ लावायची, दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरण्यापुरती. जाड थर लावला तर तोच उष्णतेला अडवतो. स्टार प्लेट (एलईडी ज्यावर बसवलेला असतो ती छोटी चकती) स्टीलच्या एम-३ स्क्रूने आवळा आणि स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर स्क्रूचं डोकं पॅडला टेकून लाइन हीटसिंकला शॉर्ट होते. सगळं बसवल्यावर प्रत्येक पॅड आणि हीटसिंक यांच्यात कंटिन्युइटी तपासा. कुठेही बीप यायला नको.

सोल्डरिंग प्लेट हीटसिंकवर बसवायच्या आधी करा. बसवल्यानंतर ॲल्युमिनियम सगळी उष्णता ओढून घेतं, २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री तिथे हात टेकते आणि वरवर चकचकीत दिसणारा कच्चा जॉइंट तयार होतो. ६० वॉटची घ्या. बसवलेल्या प्लेटवरच काम करायची वेळ आली तर हीटसिंक थोडा वेळ गच्चीवर उन्हात ठेवा. आपल्याकडच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग.

लेन्स मात्र सगळ्या काढून टाका. दीड फूट खोलीच्या टँकला ६० अंशांची लेन्स लागत नाही. लेन्समुळे मधल्या दगडावर प्रकाशाचे ठिपके पडतात आणि कडेला अंधार राहतो, शिवाय निळा-पांढरा नीट मिसळत नाही. उघडा एलईडी साधारण १२० अंशांत प्रकाश टाकतो. लाइट पाण्यापासून आठ-दहा इंचांवर टांगा आणि कडेने चार इंचांची पट्टी लावा, म्हणजे खोलीत बसणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जाणार नाही. खालून तीन मिलिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक लावा. ते थोडा प्रकाश खातं, पण एलईडीवर मीठ बसू देत नाही. दर आठवड्याला ते आरओच्या पाण्याने पुसायचं. आपल्याकडची धूळ आणि मीठ मिळून त्यावर जो थर बसतो, तो ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश अडवतो.

आता रंग. कोरलच्या आत राहणारे सूक्ष्म शैवाल, ज्यांना झूझँथेली म्हणतात, ते क्लोरोफिल-ए, क्लोरोफिल-सी२ आणि पेरिडिनिन यांच्या जोरावर प्रकाश पकडतात. या तिघांची मुख्य भूक ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात आहे. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, खाली निळाच उरतो, त्यामुळे हे सगळं निळ्यावर जगायला तयार झालेलं आहे. पांढरा एलईडी म्हणजेसुद्धा आत निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर. तो आपल्या डोळ्यांसाठी ठेवायचा. तुमच्या जुन्या लाइटमध्ये निम्मे पांढरे होते, त्या काळी सगळे तसंच करायचे. आज मी पांढऱ्याला पाव हिस्साही देत नाही.

तुमच्यासाठी मांडणी अशी करा: बाराच्या तीन लाइन, एकूण ३६ एलईडी. पहिली लाइन १२ नवीन रॉयल ब्लू, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे. दुसऱ्या लाइनमध्ये तुमच्याच जुन्यांतले मोजून निवडलेले आठ रॉयल ब्लू आणि चार नवीन व्हायोलेट, ४२० च्या आसपासचे. झोअँथसचे हिरवे-केशरी रंग या व्हायोलेटमध्ये चमकतात. तिसऱ्या लाइनमध्ये आठ पांढरे आणि चार ४७० चे निळे. पांढरे विकत घेऊच नका, तुमचे उरलेले नऊ पुरतात. म्हणजे नवीन खरेदी वीस एलईडींची, वर दोन-तीन जास्तीचे. लाल-हिरवे घालायच्या फंदात पडू नका. जुने-नवे एका सिरीजमध्ये चालतात, कारण करंट सगळ्यांतून सारखाच जातो. पण एकाच ड्रायव्हरवर दोन लाइन समांतर जोडायच्या नाहीत. एक लाइन थोडी जास्त करंट ओढते, त्यामुळे जास्त तापते, तापल्यामुळे आणखी ओढते, आणि शेवटी जळते.

एवढे एलईडी कशाला, २४ च बदलले तर काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. माझा सगळा भर याच मुद्द्यावर आहे. रीफ लाइटची बहुतेक गणितं २५ अंशांच्या खोलीसाठी केलेली असतात. तुमची खोली मे महिन्यात दुपारी ४० च्या वर जाते. हीटसिंक खोलीपेक्षा २० अंशांनी वर चढलं तर तिथे ते ४५ वर थांबतं, इथे ६० च्या पुढे जातं आणि चिप त्याहून गरम. म्हणून आपल्याकडे एलईडी जास्त लावायचे आणि करंट कमी द्यायचा. ७०० वरून ३५० मिलिअँपवर आणलं तर प्रकाश निम्मा होत नाही, निम्म्यापेक्षा थोडा जास्त उरतो, कारण कमी करंटवर एलईडी जास्त कार्यक्षम असतो. तुमचे जुने २४ एलईडी ७०० मिलिअँपवर मिळून ५५ वॉट खात होते. नव्या मांडणीत दोन निळ्या लाइन ५०० वर आणि पांढरी ३५० वर चालवली तर ३६ एलईडी मिळून ५० वॉटच्या आसपास घेतात, आणि निळा प्रकाश आधीच्या दीडपट मिळतो. जुन्या हीटसिंकवर भार वाढत नाही, उलट थोडा कमी होतो. चालू लाइटच्या हीटसिंकवर तळहात पाच-सहा सेकंद टेकवता आला तर समजा जमलं.

इथे एक बारकावा आहे. ७०० चा ड्रायव्हर घेऊन पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद करून प्रकाश कमी करण्याच्या पद्धतीने) ५० टक्क्यांवर आणणं आणि सरळ ३५० चा ड्रायव्हर घेणं या सारख्या गोष्टी नाहीत. पीडब्ल्यूएममध्ये एलईडी सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण ७०० वर पेटतो आणि विझतो. सरासरी प्रकाश कमी होतो, पण कमी करंटवरची कार्यक्षमता मिळत नाही. म्हणून ड्रायव्हरच कमी करंटचा घ्या आणि डिमिंग सकाळ-संध्याकाळच्या चढ-उतारासाठी ठेवा.

मी मीनवेल कंपनीचे एलडीडी-५००एच आणि एलडीडी-३५०एच ड्रायव्हर वापरतो. काडेपेटीहून लहान असतात, ५६ व्होल्टपर्यंत डीसी घेतात. बारा एलईडींचे मिळून ३६ ते ३९ व्होल्ट होतात, म्हणून ४८ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचं डीसी करून देणारा सप्लाय) बरोबर बसतो. एसएमपीएस १०० वॉटचा घ्या, म्हणजे निम्म्याच भारावर चालेल. कारण तोही कपाटात, गरम हवेत बसणार आहे आणि असे सप्लाय ५० अंशांच्या वर पूर्ण भार झेलत नाहीत. घेताना इनपुट ८५ ते २६४ व्होल्ट लिहिलंय ना ते पाहा. काही मोठ्या मॉडेलना बाजूला ११५/२३० चा सरकता स्विच असतो. ते घेऊ नका, व्होल्टेज १७० च्या खाली गेलं की ते डुलायला लागतात. वरच्या बाजूसाठी ओव्हरव्होल्टेज कटऑफ लावाच. खांबावरचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेज घरात ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात आणि तेव्हा कुठलाच एसएमपीएस वाचत नाही. खेड्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको.

टँकच्या सगळ्या बोर्डावर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) हवा. हीटसिंकची बॉडी अर्थिंगला जोडा. आणि ते अर्थिंग खरं आहे का तेही बघा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती सुटते आणि अर्थ नावालाच उरतो. मार्च ते जून त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

कंट्रोलर म्हणून आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल पुरे. वीज गेली तरी घड्याळ नाण्याच्या सेलवर चालू राहतं, नाहीतर दर लोडशेडिंगनंतर टँकची सकाळ पुढे सरकते. स्वस्त मॉड्यूलमध्ये सेल चार्ज करणारा एक रेझिस्टर असतो. साधा सीआर२०३२ घालणार असाल तर तो काढून टाका, तो सेल चार्ज करण्यासाठी नसतो. एलडीडीची डिमिंगची पिन मोकळी राहिली की ड्रायव्हर पूर्ण प्रकाश देतो, बंद होत नाही. म्हणजे नॅनो बिघडला की दिवसरात्र १०० टक्के. त्या पिनेपासून ग्राउंडला ४.७ किलोओमचा रेझिस्टर लावा आणि नॅनो काढून ठेवून लाइट खरंच विझतो का ते एकदा पाहून घ्या. नॅनोचं ग्राउंड ४८ व्होल्टच्या मायनसला जोडायचं. एलईडी लाइनचं मायनस मात्र त्या मायनसला कधीच जोडायचं नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की लाइटमुळे पाणी तापतं, म्हणून दुपारी बंद ठेवता. हिशोब करून पाहा. ५० वॉटचा लाइट आठ तास चालला तर ०.४ युनिट. ती सगळी उष्णता पाण्यात गेली असं धरलं तरी एवढीच, आणि प्रत्यक्षात बरीचशी हीटसिंकवरून वर निघून जाते. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) मिळून ४० वॉट धरले तर चोवीस तासांत जवळजवळ एक युनिट होतं, आणि ते जवळपास पूर्ण पाण्यातच जातं. खरा मार तापलेल्या टिनाचा. टिनाखाली सीलिंग करा किंवा वर तुराट्यांचा थर द्या, त्याने टँकला जितका फरक पडेल तितका लाइट बंद ठेवून पडणार नाही.

पाणी थंड ठेवायला आपल्याकडे चिलरच्या आधी पंखा. एक लिटर पाणी उडून गेलं की ते साधारण ०.६७ युनिट उष्णता सोबत नेतं. दिवसाला तीन लिटर उडालं तर दोन युनिट गेली. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावलेले दोन लहान पंखे टँक २७-२८ अंशांवर धरू शकतात. अडचण येते ती नवतपा संपून मृग लागताना. ऊन ४० च्या वरच असतं, पण हवेत ओल आलेली असते आणि पंख्यांचा जोर संपतो. अशा दिवसांत कोरलना उष्णता आणि प्रखर प्रकाश दोन्ही एकदम सोसत नाहीत, ब्लीचिंग, म्हणजे कोरलचं पांढरं पडणं, याच जोडीने होतं. पाणी ३० च्या वर जायला लागलं की लाइट सरळ ६० टक्क्यांवर आणा, पाऊस स्थिरावेपर्यंत. खोलीतला कूलरही हवेत ओल सोडतो हे लक्षात ठेवा. तो टँकच्या दिशेने लावू नका, आणि शेताकडून हवा ओढत असेल तर फवारणीच्या दिवसांत तर मुळीच नको. कीटकनाशकाचा अंशही टँकमधल्या कोळंब्या-खेकड्यांना पुरतो.

लाइटची वेळ बदला. कोरलना सूर्य कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्यांना ठरावीक तासांचा उजेड आणि ठरावीक अंधार हवा. संध्याकाळी पाचला हळूहळू चढवा, साडेसहा ते साडेअकरा पूर्ण, एकला विझवा. खोली तेव्हा उतरलेली असते, व्होल्टेज बरं असतं आणि तुम्हीही शाळेतून घरी असता. फक्त खिडकीतून दिवसा थेट ऊन येत नाही ना ते पाहा. वीज गेली तर लाइट इन्व्हर्टरवर घेऊ नका. एक-दोन दिवस अंधार कोरल सहज काढतात. इन्व्हर्टर वेव्हमेकर आणि एअर पंपासाठी ठेवा, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

सुधारलेल्या लाइटखाली कोरल मरतात ते बहुधा जास्त प्रकाशाने. तुमचे कोरल बराच काळ अर्धवट उजेडात राहिलेत. नवा लाइट लावल्या दिवशी ३० टक्क्यांवर सुरू करा आणि दर चार-पाच दिवसांनी ५ टक्के वाढवा. पार मीटर (शैवालाला वापरता येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) कोणाचा उसना मिळाला तर उत्तम: मशरूमना ५० ते ८०, झोअँथस आणि लेदरला ८० ते १५०, ॲनिमोनला १५० ते २५० मायक्रोमोल धरा. मोबाइलचं लक्स ॲप निळ्या प्रकाशाला कामाचं नाही. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याचं आहे आणि डोळ्याला ४५० चा निळा फार मंद दिसतो. मीटर नसेल तर कोरलकडे बघा. झोअँथसच्या माना आखूड होऊन चकत्या पसरल्या की प्रकाश पुरतो. ते मिटून राहू लागले, कडा फिकट पडल्या, मशरूम आकसले, तर १० टक्के मागे या. तपकिरी रंग उतरायला काही आठवडे लागतात, रोज फोटो काढून जीव खालीवर करू नका. प्रकाश बदलला की ॲनिमोन चालायला लागेल, वेव्हमेकरला जाळी लावून ठेवा. झोअँथसचे दगड हलवताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. असे दगड गरम पाण्यात उकळणं तर जिवावर बेततं.

शेवाळाचा दोष जुन्या एलईडीवर टाकू नका. तो समज जुन्या ट्यूब आणि मेटल हॅलाइडच्या काळातला. त्यांचा रंग वापराने खरंच सरकायचा, एलईडीचा त्या मानाने फारच कमी सरकतो. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेटवर वाढतं. तुम्ही टॉप-अपला (उडालेलं पाणी भरून काढायला) घरगुती आरओचं पाणी घालता, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) किती येतो ते लिहिलं नाहीत. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी मुळात जड. त्यात शेतातल्या युरियाचं नायट्रेटही असू शकतं. घरगुती आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. तो वाल्व बंद करा, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारा फिल्टर) लावा आणि टीडीएस शून्य येईपर्यंत ते पाणी टँकमध्ये घालू नका. पंख्यांमुळे रोज तीन-चार लिटर गोडं पाणी घालणार आहात, तेव्हा त्यातलं जे काही असेल ते टँकमध्येच साचत जाणार. आणि खारपाणपट्ट्याचं पाणी खारंच आहे तर टँकला का नाही, हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. त्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखं नसतं, म्हणून नाही.

रेडीमेड कधी घ्यावा? सोल्डरिंग करायला हात धजत नसेल आणि जवळ कोणी करून देणारा नसेल, तर दोन ब्लॅक बॉक्स युनिट (काळ्या डब्यातले तयार एलईडी लाइट) या टँकला पुरतात. पण त्यांचे छोटे पंखे खारी हवा आत ओढतात, ४० अंशांच्या खोलीचा विचार त्यात केलेला नसतो, आणि बिघडलं की सगळं युनिट पार्सल करून पाठवत बसा. तुमच्याकडे हीटसिंक आहे, शाळेच्या लॅबमध्ये मीटर-इस्त्री असेलच. मी तुमच्या जागी असतो तर एक रविवार काढला असता.

लाइट चांगला झाला की ॲक्रोपोरासारखे कठीण कोरल घ्यायची इच्छा होईल, सगळ्यांना होते. भारताच्या समुद्रातले सगळे कठीण कोरल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून तोडून आणलेला तुकडा घेणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे, विकणारा काहीही सांगो. बाहेरून आलेल्यांनाही कायदेशीर आयातीची कागदपत्रं लागतात. झोअँथस आणि मशरूममध्येच इतके रंग आहेत की दीड फुटांच्या टँकला ते पुरून उरतील.

ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी मोजून कळवा: हीटसिंकच्या सपाट बाजूची लांबी-रुंदी, आणि निळी लाइन चालू असताना दोन टोकांमधलं डीसी व्होल्टेज. ३६ स्टार प्लेट बसायला प्रत्येकी २० मिलिमीटर आणि मध्ये बोटभर अंतर लागेल. जागा कमी पडत असेल तर पांढऱ्या लाइनमधले चार ४७० चे निळे वगळू, बाकी मांडणी तशीच राहील.